सासूबाईंचं पुस्तक

आम्ही फुलसावंगीच्या बचत गटातल्या बाया. बैठकीत एकीने सासूबाईंचं शाळेतलं गृहशास्त्राचं पुस्तक आणलं. दही कसं लावायचं ते त्यात होतं. दूध का विरजतं, ते नव्हतं. तेव्हा बऱ्याच मुलींना विज्ञान-गणिताऐवजी हेच मिळे. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने सांगितलं, पहिली दहा वर्षं विज्ञान-गणित साऱ्यांनाच सक्तीचं करा. १९६७ मध्ये बालभारती सुरू झाली. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दिसले.

पुस्तक बदललं. पण दहावीनंतर सायन्सची फी भरायची वेळ आली, की आपण आधी मुलाचाच विचार करतो. म्हणून आम्ही ठरवलं : मुलीच्या सायन्स प्रवेशासाठी गटाचं कर्ज आधी. तुमच्या गटात काय ठरवता?