ईम गावाची सीमा

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील ईम हे डोंगरउतारावर वसलेले लहानसे गाव. सप्टेंबरच्या आरंभी तेथे जाणाऱ्यास दगडी घरे, संत लॉरेन्सचे चर्च आणि चर्चच्या आवारातील सॅक्सन काळचा क्रूस पाहून मोठी शांतता वाटते. मात्र काही घरांपुढील पाट्यांवर त्या घरांतून प्लेगने नेलेल्या माणसांची नावे आहेत. ती वाचली, की या शांततेचा इतिहास उलगडू लागतो.

परंपरा सांगते, की १६६५ साली लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून हा रोग गावात शिरला. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स सप्टेंबरात प्रथम दगावला. पिसवांवाटे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले ते १८९८ साली, कराचीत. ईमच्या लोकांना एवढेच कळत होते, की हा रोग माणसांमागे चालतो.

गावचे धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन हे तरुण आणि नवखे होते. लोकांचा जीव जडला होता तो आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्यावर. प्युरिटन मताच्या स्टॅन्लींना १६६२ च्या कायद्यानुसार प्रार्थनापुस्तक न स्वीकारल्याने धर्मकार्यातून दूर व्हावे लागले होते. अशा परिस्थितीत एकाने सांगावे आणि दुसऱ्याच्या अनुयायांनी ऐकावे, हे कठीणच होते. १६६६ च्या जूनमध्ये रोग पुन्हा भडकला, तेव्हा हे दोघे एकत्र लोकांपुढे उभे राहिले. उपासना चर्चऐवजी कक्लेट डेल्फच्या उघड्या खोऱ्यात व्हावी, प्रत्येकाने आपले मृत आपल्याच जमिनीत पुरावेत आणि कोणीही गावाची सीमा ओलांडू नये, असे ठरले.

बाहेरच्यांनीही आपला वाटा उचलला. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशर यांनी अन्नाची सोय केली. शेजारचे लोक सीमेवर सामान ठेवीत. त्याची नाणी सीमेवरील दगडाच्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये ठेवली जात. तो दगड आजही तेथे आहे.

या त्यागाचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. मॉम्पेसन यांची मुले आधीच यॉर्कशरला पाठविली गेली होती. ज्यांना बाहेर आसरा नव्हता, त्या गरिबांना निवड ती कोणती? एलिझाबेथ हॅन्कॉक या मातेने ऑगस्टमधील आठ दिवसांत पती आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरिन पतीसोबत गावातच राहिली. तीही त्याच महिन्यात गेली. नोव्हेंबरात साथ थांबली, तोवर परंपरागत गणनेनुसार सुमारे २६० माणसे मृत्यू पावली होती.

स्टॅन्ली ईममध्येच राहिले आणि १६७० साली तेथेच वारले. या दोघा धर्मगुरूंमधील मतभेद खरा होता, आणि त्याची किंमत एकाने आपले पद देऊन मोजली होती. तरीही संकटाच्या वेळी त्याने अधिकार मिळालेल्याच्या शेजारी उभे राहून आपल्या माणसांना थांबविले. ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी गावात त्या मृतांसाठी स्मरण-उपासना होते. तेथे मॉम्पेसन यांच्याबरोबर स्टॅन्ली यांचेही स्मरण व्हावे, हे इतिहासाला धरूनच आहे.