'स्टेट': एक शब्द, अनेक अर्थ

सीमाभागातील मराठी माणसाच्या व्यवहारात सर्वांत खोल रुतलेला इंग्रजी शब्द कोणता, असे विचारले तर आम्ही 'स्टेट' हेच उत्तर देऊ. आपली एस.टी., स्टेट बँकेचे पासबुक, भाऊबंदकीत अडकलेली इस्टेट, पोलिसांपुढे दिलेले स्टेटमेंट, मोबाइलवरचे स्टेटस ही सारी एकाच कुळातली भावंडे आहेत.

या कुळाचा मूळपुरुष लॅटिनमधील 'उभे राहणे' या अर्थाचा धातू. संस्कृतातील 'स्था' हा त्याचाच सहोदर. म्हणून इंग्रजीत 'स्टेट'चा जुना अर्थ आहे स्थिती, अवस्था. पदार्थाच्या घन, द्रव, वायू या अवस्थांनाही तेथे हाच शब्द. स्थितीवरून माणसाचा दर्जा, दर्जावरून इतमाम असा अर्थ वाढत गेला. शासकीय इतमामातील अंत्यसंस्कारांच्या इंग्रजी नावात तो आजही आहे. मालमत्ता या अर्थाची 'इस्टेट' जुन्या फ्रेंचमधून त्याच वाटेने आली. सोळाव्या शतकाच्या आरंभी इटलीत मॅकियाव्हेलीने 'स्टाटो' हा शब्द सत्ता व राज्य या अर्थी वापरला आणि त्या शतकात इंग्रजीतही शब्दाला राजकीय अर्थ चिकटू लागला. पोर्तुगीजांनी पूर्वेकडील आपल्या सत्तेस 'इश्तादु द इंडिया' म्हटले. तेथील 'इश्तादु' म्हणजे हाच शब्द. गोमंतकीयांनी तो १९६१ पर्यंत सोसला.

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात या शब्दाला निराळाच अर्थ होता. मुंबई, मद्रास हे 'प्रांत'. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, कोल्हापूर, सांगली ही 'स्टेट्स', म्हणजे संस्थाने. त्या अर्थाने बेळगाव 'स्टेट'बाहेर होते आणि सांगली 'स्टेट' होती. मराठीने निवडलेला 'संस्थान' हा प्रतिशब्दही 'स्था' धातूचाच. मूळ नात्याची जाण त्यामागे असो वा नसो, निवड अचूक होती.

२६ जानेवारी १९५० रोजी भारत 'राज्यांचा संघ' झाला आणि जुने प्रांत व विलीन संस्थाने यांना 'स्टेट' हे एकच नाव मिळाले. मात्र त्याच राज्यघटनेत या शब्दाला दुसराही अर्थ आहे. मूलभूत हक्कांच्या भागासाठी अनुच्छेद १२ सांगतो की 'स्टेट' म्हणजे केंद्र सरकार व संसद, राज्यांची सरकारे व विधिमंडळे आणि स्थानिक प्राधिकरणेही. एक 'स्टेट' म्हणजे नकाशावरचा प्रदेश. दुसरी म्हणजे नागरिकाला उत्तरदायी असलेली सत्ता. मराठीत दोहोंसाठी बहुधा 'राज्य' हाच शब्द आल्याने हा भेद आपल्या नजरेतून निसटतो.

आमच्या दृष्टीने हा भेद कळीचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावचा माणूस घराचा उंबरठा न ओलांडता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पहिल्या अर्थाची 'स्टेट' एका रात्रीत बदलली. त्या बदलाविरुद्धचा आपला लढा न्याय्य आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. परंतु दुसऱ्या अर्थाची 'स्टेट' त्या रात्री कोठेही गेली नाही. उलट त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून घेण्याची पुरेशी सोय करण्यासाठी प्रयत्न करणे, हे त्याने प्रत्येक राज्याचे व प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले. सीमा हलवणारा आणि सीमेमुळे एकट्या पडलेल्यांचा विचार करणारा कायदा असे एकाच तारखेचे आहेत.

म्हणून मराठी शाळेसाठी अर्ज लिहिताना 'आम्ही दुसऱ्या राज्यात अडकलो आहोत' एवढेच लिहून थांबू नये. आज ज्या राज्यात आपण राहतो त्या राज्यावर, आपल्या नगरपालिकेवर, ग्रामपंचायतीवर हे कर्तव्य आहे, असे अनुच्छेदासह लिहावे. सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पहिलीत बसणारे मूल तोवर थांबू शकत नाही. त्याच्या मराठी शाळेची मागणी आजच्या 'स्टेट'कडे आजच करावी लागेल.