मुरीचे घर

दिवाळीचे पहिले अभ्यंगस्नान आटोपले, की लहानपणी आम्ही मुले फराळाचे हात पुसत शेताच्या बांधाकडे धाव घेत असू. आमचे गाव बुलढाण्याच्या बाजूचे, अजिंठ्याच्या डोंगररांगेतले. पैनगंगा उगम पावते तो हा मुलूख. बांधाखालच्या खडकातून एक झरा निघे आणि हातभर खोल डोहात साठे. काळ्या कातळाच्या भेगांतून मुरलेले पावसाचे पाणी खालच्या घट्ट थराला अडते आणि आडवाटेने बाहेर येते, हे पुढे कळले. लोणारची धार पाहिलेल्या वाचकांना त्याचे नवल वाटणार नाही. आमचे नवल निराळे होते: डोहाच्या तळाशी वाळूच्या रंगात दडलेली, मिशा असलेली बोटभर मुरी!

या मुरीचा इतिहास मला फार उशिरा गवसला. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेतला अधिकारी. दख्खनची पाहणी करताना त्याने मासेही गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने लंडनमध्ये प्रसिद्ध केली. गंमत अशी, की नावे देताना त्याने कित्येकदा इथलीच नावे लॅटिनच्या पंगतीत बसवली. मुरीची झाली ‘मूरेह’, शिंगटीची ‘सींगटी’. आमचे वऱ्हाड तेव्हा निजामाकडे; साइक्सचे काम मुंबई इलाख्यातले. बारशाचा मान साहेबाला मिळाला, पण पाळण्यातले नाव मराठीच राहिले.

नाव टिकले, घराचे काय? डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून १९२८ मध्ये गॅम्बुसिया हा परदेशी मासा इटलीहून भारतात आणला गेला. हेतू चांगला, पण हा पाहुणा इतर माशांची अंडी-पिल्लेही खातो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, शेता-कुरणांतल्या झऱ्यांत राहणारा बॅरन्स टॉपमिनो हा चिमुकला मासा गॅम्बुसियामुळेच इतका खचला, की २०१९ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले.

आणि आम्ही? एका पावसाळ्यात बादलीभर गप्पी मासे मीच हौसेने आमच्या डोहात ओतले. मात्र सारा दोष त्या मुक्या जिवांवर ढकलणे प्रामाणिकपणाचे नव्हे. कपाशीच्या फवारणीचे पंप आम्ही त्याच डोहात धुतले, बैल त्यातच उतरवले, शेजारी बोअर घेतली. पुढे एका फाल्गुनात झरा आटला.

आता पंप दूर धुतात, बैलांसाठी खाली वेगळा हौद आहे, काठावर गवत राखले आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी झरा पुन्हा वाहतो. मुरी मात्र मला अजून दिसलेली नाही.

दिवाळीला गावी जाल, तेव्हा आपल्या बांधाखाली एकदा वाकून पाहा. वाळूत काही हलले, तर तिथे काही धुऊ नका आणि काही सोडूही नका. कुणाचे तरी घर आहे ते.