फाल्गुनरावांचे मूळ गाव

श्रोतेहो, 'संशयकल्लोळ' तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेवतीला भररस्त्यात चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतात, आणि नेमके तेवढेच त्यांची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतात. झाले! नवराबायको दोघांच्याही डोक्यात संशयाचे भूत शिरते.

हा घोटाळा मूळचा फ्रेंच. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये हे एकअंकी प्रहसन रंगभूमीवर आणले. आर्थर मर्फीने १७६१ साली त्यावरून इंग्रजीत पाच अंकांचे नाटक केले आणि मर्फीच्या आधाराने गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'तसबिरीचा घोटाळा' लिहिले. आमच्या ठाकुर्लीचा उतारू पुण्याला जाताना कल्याणला गाडी बदलतो ना, तसे हे नाटक लंडनला गाडी बदलून महाराष्ट्रात उतरले.

नावे बदलणे सोपे. देवलांनी पुरुषांना महिन्यांची नावे दिली, बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनरावांचा गडी म्हणून भादव्या! अवघड काम पुढेच होते. मर्फीची नायिका सभ्य घराण्यातली कुमारिका. ती प्रियकराला बागेत भेटते, त्याच्याशी भांडते. १८९३ सालच्या आपल्याकडच्या कुलीन घरातली मुलगी हे करील? प्रेक्षकांना ते पटलेच नसते. मग देवलांनी काय केले? त्यांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केले.

माझ्या मते सगळे रूपांतर या एका बदलात आहे. कृत्तिकेवरचा संशय आपण हसून सोडून देतो. ती लग्नाची बायको, तिचे घर कुठे जात नाही. पण आश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो तेव्हा तिच्या जन्मावरच बोट ठेवले जाते, आणि हातातोंडाशी आलेला संसार जायची वेळ येते. मोलिएरच्या प्रहसनात हे दुखणे नाही. पुढे १८९९ साली 'शारदा' लिहिणाऱ्या देवलांची नजर इथेही दिसते. तरी हसू कुठे अडत नाही, हे विशेष.

पुढे देवलांनी त्यात पदे घातली. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती. तो प्रयोग पाहायला मात्र देवल नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले होते.