चुकलेली सुपारी

जत्रा आणि तमाशा यांचे नाते जुन्नर-आंबेगावच्या माणसास सांगावयास नको. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावास तर तमाशाची पंढरीच म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, घासाघीस होते आणि इसार देऊन तारीख पक्की केली की सुपारी झाली! हल्ली या शब्दास भलताच वास येतो. पण येथे त्याचा अर्थ दिलेला शब्द, एवढाच. शिंप्याचा वायदा चार दिवस पुढे गेला तरी चालते. ग्रामदैवताची तिथी मात्र कोणासाठी थांबत नाही. या धंद्यातील खरी मेख हीच.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. घोडेगावजवळच्या आमच्या गावी छबिना फिरून आला, मंडळी घोंगड्या पसरून बसली, पण फडाचा पत्ता नाही! ट्रक खेडच्या घाटात मोडून पडलेला. सारी रात्र गेली. उजाडता फड पोहोचला, तेव्हा तरणी पोरे बाह्या सरसावून उभी होती. वडीलधाऱ्यांनी त्यांना मागे सारले. फडमालक हात जोडून म्हणाला, "रात्र बुडाली, तिचे पैसे नकोत. दिवसाची हजेरी तेवढी देतो." ती हजेरी त्यांनी जीव ओतून दिली, आणि पुढल्या वर्षी इसार न घेता आमची तारीख राखून ठेवली.

तारीख पाळण्याची किंमत या लोकांनी काय मोजली! विठाबाई नारायणगावकरांना १९५७ साली राष्ट्रपती पुरस्कार लाभला. प्रयोग चालू असता पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत या मुलखात अजून सांगतात. ऐकून आपण 'धन्य' म्हणतो. पण शब्दाचा सारा भार एकाच बाजूने का वाहावा?

२०२० साली पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. जत्रा राहिल्या. सावकाराचे कर्ज काढून कलावंतांना उचल दिलेले फडमालक कपाळाला हात लावून बसले. आमच्या पंचांत इसार परत मागण्याची भाषा निघाली. मी ती जुनी सकाळ सांगितली. क्षणभर कोणी बोलेना. मग एक म्हातारबाबा म्हणाले, "त्यांनी रात्र सोडली होती, आपण इसार सोडू."