दोष सारथ्याचा की रथाचा?



कारखान्यात अपघात झाला की चौकशीच्या कागदावर पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ यंत्राकडे कोणी पाहिलेच, तर ते मागाहून. असे कागद आम्ही वर्षानुवर्षे वाचीत आलो. म्हणूनच अमेरिकेतील एका मोटारीचा इतिहास आम्हांस परका वाटत नाही.

जनरल मोटर्सची शेव्हरोले कॉर्व्हेअर ही गाडी १९५९ साली बाजारात आली. इंजिन मागे, म्हणून बराचसा भारही मागे. मागच्या आसाचे दोन भाग. प्रत्येकाला सांधा एकच, तोही आतल्या टोकाशी. चाक वरखाली झाले की तिरपेही होई. भरवेगात वळण घेताना गाडीची पाठ उचलली जाई, बाहेरचे चाक पोटाखाली मुडपे आणि मागचा भाग एकाएकी बाहेर फेकला जाई.

यावर योजलेला उपाय टायरांतील हवेत होता : पुढे १५ पौंड, मागे २६. चारी चाकांत सारखी हवा भरणारा भला माणूस नकळत तो उपायच काढून टाकी! पुढे १९६४ च्या गाडीला समोर तोलाची दांडी व मागे आडवा पाटा मिळाला. १९६५ मध्ये मागची रचनाच बदलली.

आजही ही जुनी गाडी कोणी हौसेने बाळगली आणि ‘स्टिअरिंग भरकटते’ अशी तक्रार आणली, तर जाणता मिस्त्री प्रथम स्टिअरिंगची पेटी उघडीत नाही. तो आधी हवा मोजतो, टायर पाहतो. मग बेअरिंगे, सांध्यांची ढिलाई, शेवटी चाकांची सरळ रेषा. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसविली काय, रुंद टायर चढविले काय, हेही विचारतो. चालविणाऱ्याला बोल लावण्याची त्याला घाई नसते.

राल्फ नाडर यांनी १९६५ मध्ये आपल्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण या गाडीवर लिहिले. कंपनीने त्यांच्यामागे गुप्तहेर लावले. मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला.

परंतु इतिहास येथे थांबत नाही. १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष आला की, १९६० ते १९६३ मधील कॉर्व्हेअर तिच्या काळच्या इतर गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती. आमच्या पक्षाला गैरसोयीचा म्हणून हा निष्कर्ष आम्ही दडवावा काय? मुळीच नाही. दोष यंत्राचाच, असे आधी ठरवून निघणारा आणि दोष माणसाचाच, असे ठरवून निघणारा, दोघेही सारखेच वाईट मिस्त्री!

मात्र एक गोष्ट उरतेच. ती गाडी चाचणीच्या रस्त्यावर आली, कारण कोणीतरी ‘चालकाची चूक’ हे उत्तर पुरेसे मानले नाही. आमची मागणी एवढीच : निकाल काहीही लागो, पण माणसाला दोषी ठरविण्यापूर्वी यंत्र उघडून पाहा.