घरातली दोननळी आणि मावळणकरांचा वारसा

दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या पाटावर तलवार, कट्यार आणि त्यांच्या शेजारी एखादी दोननळी बंदूक, असे दृश्य बडोद्याच्या काही जुन्या मराठी घरांतून अजूनही दिसते. तलवारीचा इतिहास आपण मुलांना हौसेने सांगतो. बंदुकीपाशी आलो की मात्र ‘आजोबांची आहे, हात लावू नका’ एवढ्यावर विषय संपतो. ती कशी घडली, कशी निवडली गेली, कोणत्या कायद्याखाली घरात राहिली आणि आता तिचे काय करायचे, हे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. म्हणून हा विषय येथे थोडक्यात मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

आपल्याकडे आधी तोड्याची बंदूक होती, मग चकमकीची आली. दोन्ही ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायच्या. चकमकीच्या बंदुकीत रंजक आधी भडके आणि बार नंतर होई. तेवढ्या वेळात पक्षी सावध होऊन उडून जात. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या शिकारीच्या शौकीन धर्मोपदेशकाने आघाताने पेटणारी दारू वापरण्याची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली. १८३० नंतरच्या दशकात पॅरिसच्या लफोशो या कारागिराने मधोमध मोडून मागून काडतूस भरण्याची बंदूक बनवली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांनी पाहिली. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अँसन आणि डीली यांनी घोडे आत लपवणारी साधी, मजबूत रचना केली. आज जुन्या घरांत दिसणाऱ्या बिनघोड्याच्या दोननळ्या बहुधा याच रचनेच्या असतात.

त्याच १८७५ साली सयाजीराव महाराज बडोद्याच्या गादीवर आले. त्या काळी चांगली बंदूक घ्यायची तर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीकडे मागणी नोंदवावी लागे, किंवा पुढे मुंबईत निघालेल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सकडे जावे लागे. बारा बोअर हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, अर्थ थोड्यांना. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअरची. म्हणून सोळा बोअरची नळी बाराहून अरुंद असते. जाणकार ग्राहक कोरीव कामाआधी दस्त्याची लांबी पाही. बंदूक खांद्याला लावताच नजर आपोआप नळीच्या रेषेत आली पाहिजे. त्यानंतर नळीच्या खालच्या बाजूचे चाचणीचे शिक्के तपासले जात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने सुरू झाले. नळी किती दाब सोसू शकते, हे ते शिक्के सांगतात.

हे आजही महत्त्वाचे आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, नागमोडी नक्षीच्या डमास्कस नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. त्यांत आजचे बिनधुराचे काडतूस उडवणे म्हणजे जिवाशी खेळ. अनेक जुन्या बंदुकांची काडतुसाची खोली अडीच इंचांची असते. पावणेतीन इंचांचे काडतूस तिच्यात बसलेले दिसते, पण उडवल्यावर उघडायला त्याला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

निगा राखण्याचेही शास्त्र होते. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि नळी आतून खाते. म्हणून बार झाल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी पुसून, तेलाचा हलका हात देत. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत बंदूक ठेवणे चुकीचे, कारण चामडे दमट होते.

आता कायद्याकडे येऊ. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना मात्र सूट राहिली. हा अपमान आपल्या पुढाऱ्यांना सतत सलत होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला, तो यामुळेच. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यात वंशभेद नाही, परवाना मात्र राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ च्या त्यातील दुरुस्तीने हौसेची शिकार संपली, आणि ती योग्यच संपली. बंदुकीला खेळाचे मैदान तेवढे उरले.

त्या मैदानाचा पाया घालणाऱ्यांत एक नाव आपले आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांचा जन्म १८८८ मध्ये बडोद्याचा, घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. देशभरातील नेमबाज आजही त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेत उतरतात. १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये हवेच्या रायफलीची दहा मीटरची स्पर्धा आहे. तिच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा! याच प्रकारात अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये सुवर्णपदक मिळवले.

मुलांसाठी हवेची रायफल घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तर २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. स्प्रिंगची रायफल छर्रा न घालता उडवू नये, ताणून तशीच ठेवू नये, हवेच्या कोठीत साधे तेल घालू नये. दाबाच्या हवेची असेल तर टाकीवरील मुदतीची तारीख पाहावी. परवाना नसला तरी ते खेळणे नव्हे. ती रेंजवर, प्रशिक्षकासमोरच हाती द्यावी.

आणि घरातल्या दोननळीचे काय? २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेली धरूनही. परवानाधारक वारला की बंदूक कपाटात तशीच राहू देणे हा गुन्हा ठरू शकतो. वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा आणि तोवर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते.

बंदूक हातची जाण्यापूर्वी एक काम मात्र जरूर करावे. कारखान्याचे नाव, क्रमांक, शिक्के वहीत उतरवून घ्यावेत, छायाचित्रे काढावीत, जुना परवाना आणि पावती जपून ठेवावी, आणि ती कोणी, केव्हा, कशासाठी घेतली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहावे. लोखंड विकले जाते, जमा होते, कधी वितळवलेही जाते. वहीतली ती चार पाने मात्र घरात राहतील, आणि पुढच्या दसऱ्याला मुलांना सांगण्यासारखे आपल्याजवळ काहीतरी असेल.